पूजेतला पाना

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवळात देवासमोर उभा राहिलो तेव्हाही नाही — आणि देवाचा तर या गोष्टीशी थेट संबंध आहे.

मंडळाच्या दिवाळी अंकवाल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, दत्तूकाका, तुमच्या रेसिंगच्या आठवणी लिहून द्या. मी म्हटलं, बाई, मी चौथी पास. त्या म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. म्हणून बोलतो तसं लिहायला बसलो, आणि लक्षात आलं की इतकी वर्षं बोलतोय त्यातला एक तुकडा मी कायम गाळत आलोय. तो तुकडा सोडून लिहायचं, तर मग लिहायचंच कशाला?

आधी हे सांगतो की मी दुःखी माणूस नाही. तुम्हाला वाटेल, म्हातारा मनात काहीतरी घेऊन कुढतोय. तसं काही नाही. फ्रीमाँटला मुलाच्या घरी राहतो, मागे चार वांगी लावलीत, नातीशी भांडतो, जेवतो, झोपतो. झोप मला छान लागते. नेहमीच लागायची. हाही गुन्ह्यातलाच भाग असेल का? असेल.

माझे वडील सांगलीकडे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, मग जहाजावर इंजिनरूममध्ये लागलो, आणि जहाजाने मला इथे कॅलिफोर्नियात आणून सोडलं. कागदपत्रं कशी झाली ते वेगळं पुराण आहे. इथे एका गॅरेजात इंग्लंडहून आलेल्या स्पोर्ट्स कार यायच्या. त्यांच्या नटांना अमेरिकन पाने बसत नव्हते. माझ्याकडे बसणारे पाने होते — वडिलांचे, इंग्रजी मापाचे. त्या पान्यांवर मला नोकरी मिळाली. साठाच्या दशकातली गोष्ट. गॅरेजचा मालक शनिवार-रविवारी रेसला गाडी उतरवायचा, आणि ती चालवायचा रॉय.

रॉय माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. माझं पूर्ण नाव त्याला कधी जमलं नाही, डॅट म्हणायचा. अजून म्हणतो. तेव्हाचे ड्रायव्हर म्हणजे काय चीज होती ते आता पटायचं नाही. साधा शर्ट, डोक्यावर वाटीसारखं हेल्मेट, सिगरेट विझवायची की गाडीत बसायचं. त्यातले दोघं माझ्या डोळ्यांदेखत गेले. उरले ते म्हातारे झाले. एकाने द्राक्षं लावली. एकाने बहिऱ्यांची यंत्रं विकली — आणि स्वतः ठार बहिरा. एकाला आता बायकोचं नाव आठवत नाही, पण व्हीलचेअरवर बसला की उजवा हात आपोआप गिअर बदलतो. बरोबर बदलतो, हं. मी मोजलंय, कधी चुकत नाही. वर्षातून एकदा हे सगळे जेवायला जमतात. मेकॅनिकांमध्ये मीच एकटा उरलोय, म्हणून मलाही बोलावतात.

आणि दर वर्षी त्या जेवणात कुणीतरी रॉयला विचारतं — त्या वळणावर नेमकं झालं काय? आणि रॉय हसून म्हणतो, काय व्हायचंय, ब्रेक उशिरा दाबला. पुढच्याला दाखवायचं होतं मी कोण आहे ते.

मी तेव्हा सूप पितो.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. किती वेळ टाळणार?

ऑक्टोबरातला रविवार होता. शनिवारच्या सरावानंतर रॉय म्हणाला होता, डॅट, ब्रेकचं पेडल जरा लांब जातंय. ब्रेकचं तेल फार तापलं की त्यात बुडबुडे होतात, मग पाय दाबला की पेडल स्पंजासारखं आत जातं. उपाय सोपा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा नट सैल करून हवा सोडायची, परत आवळायचा. चार चाकं, अर्धा तास. पण शनिवारी गिअरबॉक्सने संध्याकाळ खाल्ली. ब्रेक रविवार सकाळवर राहिले.

आणि रविवारी होती खंडेनवमी. भावाने टपालाने कॅलेंडर पाठवलेलं, त्यात बघून मी खूण करून ठेवली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — त्या दिवशी कारागीर आपली हत्यारं धुऊन-पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, आणि त्या दिवसापुरता त्यांना हात लावत नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना सुट्टी. मी सकाळीच ट्रकच्या फाळक्यावर टॉवेल अंथरला, वडिलांचे पाने ओळीने मांडले, मोटेलच्या बागेतली केशरी फुलं वाहिली.

म्हणजे ब्रेकची हवा मी काढली नाही. मालक तक्ता घेऊन आला — त्यावर एकेका कामापुढे खूण करायची असायची — आणि विचारलं, ब्रेक? मी खूण केली.

झालं नाही ते झालं म्हणून खूण केली. लिहिलं एकदाचं.

पण थांबा. हे वाचून तुम्ही म्हणाल, बिचारा धार्मिक माणूस, परक्या देशात आपली रीत पाळत होता. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगितलं. ते खरं नाही.

माझे वडीलही खंडेनवमी पाळायचे. एका खंडेनवमीला शेजारच्या मळ्यातलं इंजिन बंद पडलं, ऊस वाळत होता. वडिलांनी पूजेतल्या पान्याला हात जोडले, उचलला, काम करून आले, पुसून परत जागेवर ठेवला. आईने त्याला परत कुंकू लावलं. मीही तेच करणार होतो. मनात ठरलेलं होतं — पूजा करायची, हात जोडायचे, एकच पाना उचलायचा, ब्रेकचं काम उरकायचं.

तेवढ्यात मालक आला, फुलं बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काय डॅट, आज पान्यांचं लग्न आहे का? नवरी कुठली?”

सगळे हसले. वाईट माणूस नव्हता तो. माझ्या आजारपणात स्वतः सूप घेऊन खोलीवर आला होता. पण तेव्हा मी तरुण, ताठ, वडिलांच्या पान्यांवर माझा जीव. मला वाटलं, आता याच्यासमोर पूजेतला पाना उचलला, तर हा म्हणेल, झालं का लग्न? परत हसतील. नाही उचलणार. मेलो तरी नाही उचलणार.

मेलो तरी — मी. पण गाडीत मी बसणार नव्हतो.

दुसरा पाना मागता आला असता? पलीकडच्या टीमकडे होता. दुसऱ्या कुणाला काम सांगता आलं असतं? आलं असतं. मालकाला बाजूला घेऊन सांगता आलं असतं? तेही आलं असतं. मी पायाने पेडल दाबून बघितलं, थोडं लांब गेलं, मग धरलं. म्हटलं, चालेल. देवाचं नाव पुढे केलं, आणि मागे उभा होता माझा ताठा. देवाने मला काही सांगितलं नव्हतं.

एकटा रॉय हसला नव्हता. तो जवळ आला, म्हणाला, हे लाल माझ्या गाडीलाही लाव ना. मी स्टिअरिंगच्या मधोमध कुंकवाचं बोट लावलं. त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गाडीत बसला.

अकराव्या फेरीला, उतारावरच्या वळणाला, तो पुढच्याला गाठायला गेला आणि सरळ मातीच्या बांधावर चढला. मी धावत गेलो. गाडीचं पुढचं तोंड चेपलेलं, ब्रेकच्या नळ्या फुटलेल्या, तेल मातीत. त्यातून कुणाला काय कळणार? मला कळलं.

रॉय वाचला. डावा गुडघा गेला, तो पुन्हा वाकला नाही. एका मोठ्या टीमने त्याला पुढच्या हंगामासाठी बोलावलं होतं, ते तिथेच संपलं. हॉस्पिटलात शुद्धीवर आला तेव्हा त्याला शेवटची फेरी आठवत नव्हती. मालक म्हणाला, उशिरा ब्रेक मारलास बाबा. रॉय म्हणाला, असणारच, माझी खोडच आहे ती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडायला तीच वेळ होती. मी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

मग मला म्हणाला, डॅट, तुझ्या त्या लाल टिकल्याने वाचलो बघ.

आणि हे तो आजही म्हणतो. दर वर्षी सप्टेंबर लागला की त्याचा फोन येतो — या वर्षी तुझा पान्यांचा सण कधी? मग येतो, गाडीच्या किल्ल्या माझ्या देवघरात ठेवतो, कुंकू लावून घेतो, पुरणपोळीवर पातळ तूप मागतो. माझी बायको होती तोवर तिला म्हणायचा, तुझ्या नवऱ्याने माझा जीव वाचवला. ती मला नंतर म्हणायची, किती गुणाचा माणूस आहे हो हा. मी हो म्हणायचो.

पुढे रॉयने काय केलं? एका हायस्कुलात मुलांना गाडी चालवायला शिकवायला लागला. तीसेक वर्षं शिकवलं. प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी आपला गुडघा दाखवायचा आणि म्हणायचा, हा बघ, मी ब्रेक उशिरा दाबला. तू लवकर दाब. एवढंच त्याचं शिकवणं. किती मुलं त्या वाक्यावर सुखरूप घरी गेली असतील. ते वाक्य खोटं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

रिटायर झाल्यावर त्याने एकच विद्यार्थी घेतला — माझी नात, सई. मी मागच्या सीटवर बसलो होतो. रॉयने तिला गुडघा दाखवला, गोष्ट सांगितली. सई म्हणाली, “सो यू वर जस्ट शोइंग ऑफ?”

“बरोबर,” रॉय म्हणाला. “नुसता ताठा.”

सईने आरशातून माझ्याकडे बघितलं. “आजोबा, यू ओके? किती घाम आलाय तुम्हाला.”

मी म्हटलं, एसी वाढव.

या उन्हाळ्यात एका सॉफ्टवेअरवाल्या श्रीमंत माणसाने ती गाडी शोधून काढली. तीच. चेपलेली कुठेतरी शेडमध्ये पडली होती, त्याने नव्यासारखी करून घेतली, आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात रॉयला सावकाश एक फेरी मारायला बोलावलं. रॉय म्हणाला, डॅट शेजारी बसणार असेल तर येतो. स्पोर्ट्स कारला नियमाने दोन सीट असायच्याच. त्या दुसऱ्या सीटवर तेव्हा कधी कुणी बसलं नाही.

मी गाडीच्या त्या नव्या मालकाला म्हटलं, ब्रेकची हवा मी काढणार. त्याचा मेकॅनिक म्हणाला, सर, आम्ही कालच केलंय. मी म्हटलं, मी परत करणार. खाली वाकता येत नाही, तर सई मला धरून बसली, पेडल तो मेकॅनिक दाबत राहिला. वडिलांचाच पाना. चारही चाकं, दोनदा. सई म्हणाली, आजोबा, यू आर सो एक्स्ट्रा — म्हणजे अतीच करता. शेवटी मी तिला पेडल दाबून बघायला लावलं. दगडासारखं घट्ट.

मग आम्ही दोघं म्हातारे त्या गाडीत बसलो. क्लच दाबायला रॉयला आता कंबर उचलावी लागते. ऊन छान होतं, लोक हात हलवत होते, इंजिनचा आवाज तोच. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. इतका आनंद बायको गेल्यानंतर झाला नव्हता.

उतारावरचं ते वळण आलं. रॉयने किती आधी ब्रेक दाबला म्हणून सांगू — बैलगाडीसुद्धा थांबली असती. गाडी अलगद वळली. त्याने माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले, आणि हसत म्हणाला, “बघ डॅट. इतकंच करायचं होतं मला.”

त्या क्षणी आम्ही दोघंच होतो. तिसरं कुणी ऐकणार नव्हतं. तो सत्त्याऐंशीचा, मी ब्याऐंशीचा. कोण हसणार होतं मला?

मी म्हटलं, “हो.”

रॉयला मराठी वाचता येत नाही. हे मी मराठीत लिहिलंय, आणि का, ते मला माहीत आहे. खंडेनवमी पंधरा दिवसांवर आली आहे. काल त्याचा फोन येऊन गेला. मी त्याला तारीख सांगितली.