कोरड्या तलावातले माझे झेंडे

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे मी माझा चहा घेऊन आत जाते. हे सांगायला लागले की मला अजून राग येतो. करडवाडीचा येतो, माळेवाडीचा येतो, आमच्या अप्पांचा येतो. आणि ज्या एका व्यक्तीचा सगळ्यात जास्त यायला पाहिजे, तिचा सगळ्यात शेवटी येतो. ती कोण, ते कळेलच.

तर माझी एक गाडी होती. स्कूटी नव्हे. उंच, सडपातळ, पुढचं चाक भलं मोठं, मडगार्ड चाकापासून वीतभर वर आणि टायरला हे असे दात. मातीत, खडकांत, नाल्यात चालवायची मोटरसायकल. नांदेडच्या एका हौशी माणसाकडून जुनी घेतली होती, माझ्या शिकवण्यांच्या कमाईतून. एम.एस्सी. होऊन उदगीरात आठवी-नववीला गणित शिकवणारी मुलगी असली गाडी कशाला घेते? सगळे हेच विचारायचे. त्यात मी अशी, की कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातला पेला पडतो.

अहो, म्हणूनच तर घेतली! रस्त्यावर मला भीती वाटते. मागून ट्रकनं हॉर्न दिला की माझे हात आपोआप हँडल सोडतात. पडले तर एक माणूस उचलायला येतो आणि दहा माणसं शिकवायला. मातीत कोण हॉर्न देणार? मातीत पडलं तर कपडे झाडायचे, शिव्या द्यायच्या, पुन्हा बसायचं. माती उलटून बोलत नाही.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उदगीरला कापडाचं दुकान आहे. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा आणि गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज लोण्यासारखा. घरी येताना तो आवाज ते दुकानातच ठेवून येतात. गाडीबाबत त्यांची अट एकच होती. बाजारात तिच्यावरून एक जरी गाऱ्हाणं कानावर आलं, की गाडी विकायची. त्यामुळे मी गावातून जाताना अशी जायची, की गाडीलाही वाटावं आपण चोरीच्या आहोत.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. उदगीरात माणसं दोनच गोष्टी बोलायची. टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. टँकर निदान कधी तरी यायचा.

करडवाडी आणि माळेवाडी या दोन गावांच्या मधोमध एक तलाव आहे. तो त्या वर्षी पार कोरडा पडला. तळाला भेगाळलेला गाळ, मधे वाळूचा पट्टा, कडेला बाभळी. असल्या गाडीला याहून चांगली जागा मिळायची नाही. लोक पाण्याला तरसून राहिलेत आणि आपण इथं गाड्या उडवतोय, हे मनाला टोचायचं. म्हणून मी गाडीला पाण्याचा थेंब लावत नव्हते. ब्रशनं धूळ झाडायची, चेन डिझेलच्या फडक्यानं पुसायची, एअर फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये बुडवून हलक्या हातानं दाबायचा, सावलीत वाळवायचा आणि त्याला तेलाचा हात द्यायचा. दर रविवारी. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, एवढी सेवा सासूची केलीस तर ती तुला देव्हाऱ्यात बसवील.

आता चूक कुठं झाली ते सांगते. मला मोकळ्या जागेत वळता येत नाही. घाबरट माणसाला समोर काही तरी खूण लागते, नाही तर कुठं वळायचं या विचारातच तो सरळ जाऊन बाभळीत घुसतो. मी घुसले होते. म्हणून मी अप्पांच्या दुकानातल्या लाल-पांढऱ्या कापडाचे उरलेले तुकडे घेतले, काठ्यांना बांधून झेंडे केले आणि कबड्डीच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की आणली. पावलं मोजत झेंडे रोवले. दोरी ताणून फक्कीच्या रेघा मारल्या. मग चाकांतली हवा थोडी सोडली, कारण गच्च हवेचं चाक गाळात घसरतं, आणि जमिनीवर गुडघे टेकून हवा मोजायचं मीटर लावून नीट बघितलं.

बांधावर शेळ्या राखणाऱ्या एक मावशी हे सगळं बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं, काय गरीब स्वभावाची माणसं असतात खेड्यात.

पुढच्या रविवारी गेले तर माझे झेंडे जागेवर नव्हते. सगळेच्या सगळे उचलून कुणी तरी करडवाडीच्या बाजूला नेऊन रोवले होते. अर्धा दिवस उन्हात घालवून मी केलेलं काम! चिडून ते उपटले, परत मधोमध आणले.

त्याच्या पुढच्या रविवारी झेंडे माळेवाडीच्या बाजूला. आणि फक्की नव्यानं मारलेली, माझ्यापेक्षा सरळ. हे मला जास्त झोंबलं. त्यात एका झेंड्याच्या बुडाशी फोडलेला नारळ आणि कुंकू. मी किंचाळून गाडीवरून खाली आले, म्हणजे पडलेच. माझ्यावर कुणी तरी करणी केली, मी इथं येते ते कुणाला बघवत नाही, आता गाडीचं इंजिन बसणार, असं काय काय डोक्यात आलं. शास्त्र शिकलेय मी, पण नारळासमोर उपयोग नाही त्याचा.

भीती ओसरली की मला राग येतो. तशीच तरातरा त्या शेळीवाल्या मावशींकडे गेले. माळेवाडीच्या कलिंदामावशी त्या. विचारलं, माझे झेंडे कुणी हलवले?

"आमी कशाला हात लावू, मॅडम? करडवाडीवाल्यांनी आधी नेलते, आमच्या पोरांनी निस्ते माघारी आनले," त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन हळूच, "तुमी जरा आमच्याच अंगाला घ्या की. आमची जमीन सपाट हाय."

मला वाटलं, मावशींना गाडीतलं कळतं. म्हटलं, "सपाट काय करू? मला चढउतार पाहिजे."

मावशी विचारात पडल्या. "चढउतार कशाला वो?"

"त्याशिवाय मजा नाही," मी म्हटलं आणि झेंडे काखेत मारून परत मधोमध रोवायला निघाले. या वाक्यानं पुढं काय होणार होतं, याची मला कल्पना असती तर मी तिथंच जीभ चावली असती.

तिसऱ्या रविवारी तलावात उतरले आणि ब्रेकच दाबला. माळेवाडीच्या बाजूला मातीचे ढिगारेच ढिगारे. गावानं आठवडाभर खपून घातलेले. मी मधोमध लावलेले झेंडे त्या ढिगाऱ्यांच्या टोकांवर दिमाखात फडकत होते. करडवाडीच्या बाजूला बांधावर गर्दी, माळेवाडीच्या बाजूला गर्दी, आणि मधे हातवारे चाललेले. पलीकडून कुणी तरी काठी घेऊन येत होतं.

एरवी एवढी माणसं बघून मी गाडी वळवून पळाले असते. पण त्या दिवशी राग डोक्यात गेला होता. गाडी दोन्ही गर्दींच्या मधे नेऊन उभी केली, हेल्मेट काढलं आणि आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं. हे झेंडे मी लावलेत. मोजून लावलेत. जिथं लावलेत तिथंच राहतील, वीतभर इकडं नाही आणि वीतभर तिकडं नाही. यापुढं ज्यानं हात लावला त्याला पोलिसांत देईन. आवाज कापत होता, पण त्यांना वाटलं संतापानं कापतोय.

करडवाडीचे माजी सरपंच संग्राम पाटील पुढं आले, टोपी काढली. "म्हंजी जागा पक्की झाली म्हना की, मॅडम."

"पक्की," मी म्हटलं.

"मधोमध?"

"मधोमध."

टाळ्या वाजल्या. दोन्हीकडून. काठीवाल्यानं काठी खाली ठेवली. कुठून तरी खुर्ची आली, चहा आला, आणि माझे हात धुवायला गच्च भरलेला तांब्या आला. ज्या गावात माणसं घागरीसाठी भांडत होती, तिथं माझ्या हातांवर तांब्याभर पाणी ओतलं गेलं. मला कसंसंच झालं. इतक्यात पाटलांनी अदबीनं विचारलं, "आन् कलेक्टरसाहेबांचा बंगला कोन्या बाजूला धरलाय?"

चहा अंगावर सांडला. तुमच्या लक्षात केव्हाच आलं असेल. माझ्या त्या क्षणी आलं. नवा जिल्हा होणार, त्याचं कलेक्टर ऑफिस या तलावाकाठच्या गायरानात होणार, आणि त्याची मोजणी करायला सरकारनं उंच गाडीवर एक बाई धाडली आहे. सरकारी मोजणीत लाल-पांढरे झेंडे असतात, फक्की असते. पावलं मी मोजली होती, दोरी मी ताणली होती, मीटर लावून जमीन मी तपासली होती. उरलेली कसर आजच्या भाषणानं भरून काढली होती.

मी खरं ते सांगितलं. सरकारचा आणि माझा संबंध नाही, मी शिकवण्या घेते, झेंडे गाडी वळवायला शिकण्यासाठी लावले आहेत. कलिंदामावशी तोंडाला पदर लावून हसल्या. गाडी चालवाया कुनी फक्की मारतंय व्हय, म्हणाल्या. पाटील सगळ्यांना दटावून म्हणाले की मॅडमवर वरून दबाव आहे, ऑफिसातल्या गोष्टी अशा उघड बोलत नसतात, कुणी त्यांना त्रास देऊ नका. आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. त्या माना बघून माझं डोकं जे फिरलं! खोटं म्हटलं असतं तर चाललं असतं, पण समजूतदारपणा? मी उठले आणि एकेक झेंडा उपटायला लागले.

ही चूक पहिलीपेक्षा मोठी.

"रद्द करून राहिली ती," मागून कुणी तरी ओरडलं.

सकाळपासून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली दोन्ही गावं तेवढ्या एका वाक्यावर एक झाली. माझ्या गाडीभोवती गोल करून खाली बसली. तुमच्या साहेबांना बोलवा, ते येईपर्यंत गाडी हलणार नाही. बायका पुढं, बाप्ये मागं, आणि मधे माझी बिचारी गाडी.

साहेब कुठून आणू? माझ्या जन्मात मला रागावण्याचा अधिकार असलेला एकच माणूस आहे. मी रडत अप्पांना फोन केला. करताना कळत होतं की गाऱ्हाणं त्यांच्या कानावर मी स्वतःच घालतेय. गाडी गेली, असं मनाशी धरूनच बाभळीखाली उभी राहिले.

अप्पा स्कूटरवरून आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गर्दीत शिरले आणि दुकानातला आवाज काढला. सगळ्यांचं ऐकून घेतलं, कोण कुणाचा सोयरा ते विचारलं, दोघांना उधार नेलेल्या धोतरांची आठवण न करून देता नुसतं हसून दाखवलं. शेवटी ठरलं की झेंडे परत लागतील आणि गाडी सुटेल. मी झेंडे परत लावले. मधोमध. दोन्ही गावं वीतवीत मोजून तपासत होती.

मग अप्पा मला बाजूला घेऊन गेले. मी डोळे मिटले. अप्पा इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, खरं सांग. हापिस नेमकं कोन्या अंगाला हाय?"

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, "अप्पा, मी तुमची पोरगी. कापड तुमच्या दुकानातलं, फक्की तुमच्या स्कूटरवरून आणली."

"ते हायच की. पन येवढी मान्सं खोटं कशाला बोलतील?"

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? भूक लागली होती. आणि अप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गाडीचा विषय त्यांच्या डोक्यातून पार गेला होता. तो तसाच गेलेला राहू दे, एवढंच मला त्या क्षणी पाहिजे होतं. मी करडवाडीच्या बाजूला बोट केलं. का? उगाच. ती माझ्या उजव्या हाताला होती म्हणून.

"हां," अप्पा म्हणाले, आणि एका शब्दानंही न रागावता मला घरी घेऊन आले.

पुढचे काही दिवस मी इतकी खूश होते की कुकरच्या शिट्टीलाही दचकले नाही. अप्पा गाडीची आपुलकीनं चौकशी करायचे. चेनला तेल दिलं का, टायर चांगले आहेत ना, फिल्टर कसं साफ करतात ते एकदा पाट टाकून शेजारी बसून बघितलंसुद्धा. मला वाटलं, जिंकले. बाप बदलला.

मग एका संध्याकाळी शिकवणी संपवून, रॉकेलची वाटी आणि ब्रश घेऊन अंगणात आले, तर गाडी नाही. अप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन दारातून आत येत होते. करडवाडीच्या अंगाला, कलेक्टर ऑफिसच्या बरोबर समोर, जागेचा इसार देऊन आले होते. हाताशी रोकड कमी पडत होती, म्हणून गाडी देऊन टाकली. संग्राम पाटलांना. मोजणीची गाडी गावात असलेली बरी, असं पाटील म्हणाले म्हणे.

मी त्या दिवशी जेवढी ओरडले तेवढी त्या तलावातही ओरडले नव्हते. शेजारचे गच्चीवर आले. म्हटलं, असल्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून कुणी पोरीची गाडी विकतं का? ऑफिस तिथंच होणार म्हणून तुम्हाला सांगणारा असा कोण मूर्ख, अर्धवट, बिनडोक माणूस भेटला?

अप्पांनी पुड्याची दोरी सोडली, एक पेढा माझ्यापुढं धरला आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, "तूच की, बाई."