दगडाबाईच्या ट्रकचा नंबर

पडेगावच्या दगडाबाईला कुणी विचारलं, "मालक काय करायचे?" की ती आधी स्वतःचं सांगते, "मी क्लीनर होते." ऐकणारे हसतात. हसू देत. नवऱ्याच्या, बद्रीनाथच्या ट्रकवर पोरं टिकत नव्हती, तेव्हा हिनंच पदर खोचला. चाकाला दगड लावायचा, इंजिनात पाणी ओतायचं आणि ट्रक मागं घेताना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून ओरडायचं. पंचक्रोशीतल्या वीटभट्ट्यांवर तिचा आवाज आधी पोचायचा आणि ट्रक नंतर.

बद्रीनाथ गेल्यापासून तो लांब नाकाचा जुनाट ट्रक दारातच उभा होता. एक दिवस रस्ता रुंद करणाऱ्यांचा माणूस आला, त्यानं ट्रकच्या दारावर खडूनं 'बेवारस' लिहिलं आणि सांगितलं, वारसाच्या नावाचे कागद दाखवा, नाहीतर भंगारात जाईल. दगडाबाईनं ते पदरानं पुसलं. "मी काय मेले का?" म्हणाली.

आता ट्रक तिच्या नावावर व्हायला हवा होता. मुलगा शिवराज गारखेड्याहून रजा काढून यायचा आणि मायलेकरं नोंदणी कचेरीत जायची. आज वारसाचा दाखला नाही, उद्या फोटो जुना, परवा साहेब मीटिंगला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काही उगाच म्हणत नाहीत. शिवराज चिडायचा, "आई, जाऊ दे ना भंगारात." ती त्याच्याशी घरापर्यंत बोलायची नाही.

शेवटी साहेब ट्रक बघायला आले. गाडीच्या सांगाड्यावर कंपनीनं ठोकलेला नंबर असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते आणि ती जुन्या कागदाशी जुळली की काम फत्ते. पुढच्या चाकाजवळ नंबर असायला हवा, तिथं शेंदराचा बोटभर थर होता. दर खंडेनवमीला नारळ तिथंच फुटायचा. शेजारच्या करीम मिस्त्रीनं हात जोडून देवाची माफी मागितली, मग तारेचा ब्रश घेऊन शेंदूर खरवडला. खाली लोखंड निघालं ते ताटासारखं गुळगुळीत.

साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "नंबर घासलेला आहे. चोरीच्या गाडीचा घासतात असा."

"चोरी?" दगडाबाईचा आवाज चढला. "वीस वर्षं या ट्रकात भाकरी खाल्ली मी. चोरीच्या भाकरी होत्या का त्या?"

साहेब म्हणाले, गाडी चोरीची नाही असं पोलिसांकडून लिहून आणा, मग नवीन नंबर ठोकू. ते गेले. करीम मात्र ब्रश हातात धरून तिथंच उभा होता.

"भाभी, वो घिसने की मशीन मेरीच थी," तो हळूच म्हणाला. "बद्रीभाई घेऊन गेले होते."

आणि दगडाबाईला आठवलं. ट्रक घेतला त्या वर्षीची पहिली खंडेनवमी. बद्रीनाथ निरक्षर माणूस. "देवाची जागा अशी खडबडीत नाय चालत," म्हणत त्यानं करीमचं ग्राइंडर फिरवलं होतं. कंपनीचे आकडे त्याला खरबरीत लोखंड वाटले. मग त्या चकचकीत जागेवर शेंदूर लावला, स्वतःच पाया पडला आणि तिलाही पडायला लावलं. आता तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, ही चीड वेगळीच.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत धम्मपाल हवालदार जबाब लिहायला बसले. माणूस भला होता.

"नंबर कुणी घासला, एवढंच लिहायचंय, आजी. ज्यानं घासला त्याच्यावर मात्र गुन्हा येतो."

शिवराज चटकन म्हणाला, "बाबांनी घासला. आई, खरंच तर आहे. ते काय आता कोर्टात येणार आहेत का?"

सोपं होतं. खरंही होतं. पण दगडाबाईच्या डोळ्यांपुढं तो कागद आला, त्यावर बद्रीनाथचं नाव आणि पुढं आरोपी. ज्यानं जन्मात कुणाची पडलेली वीटसुद्धा उचलली नाही, तो मेल्यावर आरोपी!

"मी घासला," ती म्हणाली.

"आई, काहीतरीच काय?"

"तू गप. लिहा हो साहेब. देवासाठी मीच घासला. आमच्या मालकांना ठाऊकबी नव्हतं."

हवालदारांनी पेन थांबवला. "आजी, ग्राइंडर चालवता येतं तुम्हाला?"

"आणा मशीन. तुमच्या या टेबलाचा पाय घासून दावते."

धम्मपालांनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. ट्रकच्या कागदावर दगडाबाईचं नाव लागायचं अजून बाकीच होतं. पोलिसांच्या कागदावर ते आधी लागलं.