साहेबांच्या गाडीचा पुढचा शाफ्ट

नीट होऊन गेलेल्या गाडीचा किस्सा होत नाही. परत येते तिचाच होतो. कुसगावच्या माझ्या गॅरेजात एक गाडी इतक्यांदा परत आली, की किस्से तिच्या एकटीचेच साठले.

गाडी भलती वेगवान, चारही चाकांना ताकद देणारी. मालक पुण्याचे साहेब. मोडायचा तो पुढचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे पुढचं चाक फिरवणारा दांडा.

*

पहिला मोडला, मी नवा बसवला. तोही गेला. साहेब म्हणाले, "पार्ट डुप्लिकेट असणार."

पुढचा मी त्यांच्यासमोर सीलबंद खोक्यातून काढला.

"आबा, हल्ली खोकीपण डुप्लिकेट मिळतात."

*

तोही मोडला. साहेबांनी गाडीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'कुसगावच्या आबांकडे गाडी देऊ नका. हात गेला त्यांचा.' तळेगावचं जुनं गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला लावलेली गाडी तशीच घेऊन गेलं. माझा जन्म या हातांवर गेला, आणि हात गेला म्हणे.

*

माझा फिटर दत्तू लिंबू-मिरची घेऊन आला. "आबा, नजर लागली आसंल."

"तुज्या तोंडाला बांध."

इंजिनाचे माउंट पाहिले, गाडीची उंची मोजली, टायर तपासले. खोट नाही. पण दर वेळी फुटायचा तो चाकाजवळचाच सांधा. स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की तो असा फुटतो.

साहेबांना विचारलं. "मी? मी तर अंडी नेल्यासारखी चालवतो."

शेजारी बसून पाहिलं. खरंच तशी चालवत होते. मला जास्तच राग आला.

*

पुन्हा शाफ्ट बदलला आणि गाडी मीच मळवलीला पोचवली. तिथं साहेबांचा बंगला आहे, शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्यानं देतात. फाटकाशी पाहुण्यांची गाडी चिखलात रुतलेली. बंगला सांभाळणाऱ्या भिकानं माझ्या हातातून चावी घेतली, दोर बांधला, स्टिअरिंग पार वळवलं आणि रेस दिली.

मी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. "भिका, हे कदीपासनं?"

"दर आयतवारी, आबा. हितं वळण हाय, सरळ वढता येत न्हाई. सायबच म्हनले, पाव्हन्यांची गाडी अडकली की आपली लाव."

साहेब पायरीवरच उभे होते.

"साहेब, आता ग्रुपवर खरं काय ते लिहा."

"लिहितो हो. आधी पाहुण्यांची गाडी तर निघू दे." त्यांनी भिकाला खाली उतरवलं आणि दार माझ्यासाठी उघडं धरलं. "कशानं मोडतं ते तुम्हाला कळलंय ना, आबा? मग तुम्हीच ओढा."