चढ लागायच्या आत

आमच्या बँडची आठ गाणी रेकॉर्ड झाली तेव्हा काम संपलं असं मला वाटलं होतं. पण अख्खा अल्बम एकदम सोडला तर कुणी ऐकत नाही, आधी दोन गाणी सुटी सोडायची, त्यांना सिंगल म्हणतात, असं आमच्या गिटारवाल्यानं सांगितलं. आम्ही चौघं सांगलीत एकाच कॉलेजात शिकतो. कुठली दोन, यावर आठवडाभर एकमत झालं नाही. प्रत्येकाला आपलंच गाणं पुढं हवं होतं. मलाही हवं होतं, पण मी तसं बोललो नव्हतो.

आठांतलं एकच गाणं मी लिहिलेलं, सहावं. ते कॉलेजच्या प्रवेशाचं आहे. आमच्या घरात फॉर्म भरायची कुणाला सवय नव्हती. विद्यार्थ्याच्या सहीच्या जागी वडिलांनी सही केली आणि पालकाच्या जागी मी. खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म बघून विचारलं, "म्हणजे शिकणार कोण?" तेच गाण्याचं धृपद. वडिलांना मी बँडबद्दल सांगितलं नव्हतं, या गाण्याबद्दल तर नाहीच.

शेवटी ड्रमवाला मला म्हणाला, "तुझे वडील ट्रॅक्टरवर ऊस ओढतात न्हवं? पेनड्राइव्ह दे त्यांना. पुढं ढकलणार न्हाईत ती दोन घ्यायची." उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजतातच, आणि न आवडलेलं गाणं ड्रायव्हर क्षणभरही ठेवत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं.

रविवारी कडेगावजवळ गावी गेलो. सकाळी वडिलांच्या शेजारी मडगार्डवर बसलो, मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या. गाणी मित्रांची आहेत एवढंच सांगितलं. पहिलं त्यांनी पूर्ण ऐकलं. दुसरं, तिसरं ढकललं. चौथ्याला म्हणाले, "ह्यो असा वरडतोय का? कुणी मारलंय का ह्याला?" आणि तेही ढकललं. पाचवं ठेवलं. सहावं सुरू झालं आणि चढ लागला. चढावर इंजिन ऐकावं लागतं, म्हणून वडील टेपचा आवाज पार बंद करतात. चढ संपला तेव्हा सातवं चालू होतं. मी वहीत लिहिलं : सहावं, चढ.

कारखान्यावर ट्रॅक्टरची रांग होती. वडिलांनी इंजिन बंद केलं, भाकरीचं फडकं सोडलं आणि म्हणाले, "चढावर एक तसंच गेलं बघ. लाव की."

लावलं. धृपदाला त्यांचा घास थांबला. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आपल्या फारमाचं ह्या पोरास्नी कुणी सांगितलं?"

"मीच लिवलंय, आबा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "माझं नाव घातलंस?"

"न्हाई."

"मग हरकत न्हाई." भाकरी संपवून त्यांनी हात धुतले. "सही चांगली आल्ती पर माझी."

"व्हय."

"हे पयलं ठेव. चढ लागायच्या आत ऐकून हुतंय."

सांगलीला परतल्यावर मी वही वाचून दाखवली आणि वडिलांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. गिटारवाला म्हणाला, "हे काय कारण झालं का?" पण बाकी कुणाकडं कसलंच कारण नव्हतं. पहिलं सिंगल ते ठरलं.

दुसऱ्याचा वाद अजून चालू आहे.