तारीखताईंचे अकरा फोन

दवाखान्यात त्यांना सगळे तारीखताई म्हणत. मुलांच्या ग्रंथींचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांच्या बाहेरच्या टेबलावर त्या एकोणीस वर्षं बसत होत्या. उंची न वाढणारी पोरं, साखर वाढलेली पोरं, सगळ्यांना तारखा ताईच द्यायच्या. आवाज मधाळ, पण रांग मोडणाऱ्याची गय नाही.

अलीकडे आणखी काही मुलं येत. जन्माने मुलगी, पण मनाने मुलगा, किंवा उलट. पहिल्यांदा ताई गोंधळल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "हाक कुठल्या नावाने मारू?" उत्तर मिळालं, तसं त्यांनी कागदावर पेन्सिलीने लिहून घेतलं. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

आणि मग राज्यात कायदा आला. अठराच्या आतल्या अशा मुलांना शरीर बदलणारी औषधं द्यायची नाहीत. दिली तर डॉक्टरांचा परवाना जाणार. ताईंच्या यादीत अशी अकरा मुलं होती. घरी जेवताना नवरा म्हणाला, बरं झालं, या वयात पोरांना काय कळतं. लेक उसळली, ज्याचं दुखतं त्यालाच कळतं म्हणाली. दोघांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "मला अकरा फोन करायचेत. कोण बरोबर ते तुम्ही ठरवा."

डॉक्टर पत्रं पाठवा म्हणत होते. पण वाईट बातमी पोस्टाने पाठवणं ताईंच्या जिवावर आलं. फोन करण्याआधी त्यांनी चष्मा पुसून कायद्याची सगळी पानं दोनदा वाचली. वकिलालाही विचारून घेतलं. औषधाला बंदी होती, बोलायला नव्हती.

एक बाप म्हणाला, सुटलो, हा निर्णय माझ्या डोक्यावर होता. पण फोन ठेवेना. शेवटी हळूच म्हणाला, "आता पोराला सांगू काय?" एका आईने हा कायदा नसलेल्या दुसऱ्या राज्यात घर बघायला घेतलं होतं. एक आजी नुसतीच हं हं करत राहिली.

अकरावा फोन पोरानेच उचलला. वय सोळा, आई कामावर. ताईंनी त्यालाच सगळं सांगितलं.

"गुरुवारी चारला ये," ताई म्हणाल्या.

"कशाला? औषध तर बंद."

"समुपदेशक आहेत. बोलायला ये. बोलायचं नसेल तर गप्प बसायला ये, खुर्च्या आहेत."

आला. पहिले दोन गुरुवार खरंच गप्प बसला. तिसऱ्या गुरुवारी ताईंवरच भडकला, तुम्हीही कायदा करणाऱ्यांतल्याच म्हणाला. ताईंना लागलं. तरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि पुढची तारीख लिहून दिली. पुढच्या वेळी तो वेळेच्या आधी पाच मिनिटं आला. माफी मागितली नाही, पण खुर्ची ताईंच्या टेबलाजवळ ओढून बसला.

बाकीच्यांचं ज्याचं त्याचं झालं. तीन घरं गाव सोडून गेली. दोघं यायचेच थांबले. ताईंनी तीनदा फोन केले, मग चौथ्यांदा करायचा धीर झाला नाही. एक मुलगी वर्षभराने सांगायला आली, की तिला आता औषध नकोच आहे, आहे तशी बरी आहे. ताईंनी तिलाही चहा पाजला.

पोरगा अठराचा झाला तेव्हा त्याला मोठ्यांच्या दवाखान्यात पाठवायचं होतं. तिथल्या बाईंनी फोनवर चार महिन्यांनंतरची तारीख सांगितली. ताईंनी जन्मात कुणाची वशिलेबाजी चालू दिली नव्हती, आणि आजही वशिला लावला नाही. फक्त फोन ठेवला नाही. कुणी तारीख रद्द केलीय का, पाहा ना, मी थांबते, म्हणत राहिल्या. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. पोरगा समोर उभा, नखं कुरतडत.

वीस मिनिटांनी पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी, मंगळवारी, सकाळी दहाला. चालेल?"

ताईंनी पोराकडे पाहिलं. त्याने नखं कुरतडणं थांबवलं.

"चालेल," ताई म्हणाल्या, "तो पावणेदहालाच येईल."