आठ बोल्ट

सॅमसन खरात हे नाव फक्त हजेरीपत्रकात. आमच्या डिस्टिलरीत त्याला सगळे ‘आठ बोल्ट’ म्हणतात. हे नाव मीच पाडलं, आणि तेही चिडून. मी गोरक्षनाथ, टँकर भरायच्या पंपावर ऑपरेटर, बावीस वर्षं झाली. सॅमसनभाऊ वायरमन, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. राहायला नेवाशाकडचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची खोड रक्तातच. रविवारी पांढरा सदरा घालून चर्चमध्ये जाईल, नाताळात आमच्या घरी करंज्यांचा डबा पोचवील. पण कामावर आला की एकच वेड, पेट्यांचे बोल्ट.

पेटी म्हणजे पंपाच्या चालू-बंदच्या बटणाची पेटी. जाड बिडाची, धोंड्यासारखी जड. स्पिरिटची वाफ डोळ्यांना दिसत नाही, आणि बटण दाबलं की आत बारीक ठिणगी पडतेच. वाफ आत शिरलेली असली तर भडका व्हायचा तो पेटीतल्या पेटीत व्हावा, बाहेर येऊ नये, म्हणून ते जाड झाकण आणि त्याला आठ बोल्ट. एक ढिला राहिला, झाकणाखाली जरा फट राहिली, की ती पेटी आणि घरातलं बटण सारखंच. हे सॅमसनभाऊनं आम्हाला शंभरदा सांगितलंय. पाना घेऊन यायचा, पोलादाची पातळ पत्ती फट शोधत झाकणाच्या कडेनं फिरवायचा, आणि मोठ्यानं मोजायचा, “एक, दोन, तीन...” तिकडं टँकरवाला हॉर्न वाजवतोय, इकडं ह्याची शाळा चालूय. माझं डोकंच फिरायचं. मी म्हणायचो, “भाऊ, काल मोजले तेव्हा आठ हुते, रातीतून काय अंडी घातली का त्यांनी?” तो हसायचा अन् पुन्हा एकपासून मोजायचा.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा असते. पंप धुवायचे, पुसायचे, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. सॅमसनभाऊ दरवर्षी स्वतः पंप पुसायला असतो, प्रसाद पहिला मागतो. त्याची अट एकच. दिवा, उदबत्ती, लायटिंग सगळं पंपहाऊसभोवती आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, मंडपात. आणि मंडपाची लाईट ऑफिसच्या बाजूनं घ्यायची.

सकाळी सफाईसाठी त्यानं पंपहाऊसची लाईन पॅनल रूममधून बंद केली. अकराला चेअरमनसाहेब पूजेला येणार होते. आमचे साहेब अमृतराव मला म्हणाले, “गोरक्ष, मंडप झगमगला पाहिजे.” मी घरून लायटिंगची माळ आणली होती. वायर ओढत नेली तर ऑफिसपासून दहा-बारा फूट कमी पडली. साडेदहा वाजलेले. दुसरी वायर आणायची म्हणजे स्टोअरला चिठ्ठी, सही, भानगड. समोर पंपाची पेटी. लाईन बंदच होती. मी झाकण उघडलं, दोन तारा आत जोडल्या, वायर झाकणाखालनं बाहेर काढली आणि आठही बोल्ट आवळले. वायर दबली, पण झाकण तेवढं वर राहिलं. वरून झेंडूची जाड माळ घातली. काही दिसेना.

लाईन सोडायच्या आधी सॅमसनभाऊ फेरीला आला. माळेकडं बघून थांबला.

“गोरक्ष, पेटी उघडली हुती का?”

“न्हाई.”

“मंडपाची लाईट कुठनं घेतली?”

“ऑफिसकडनं. तुमीच सांगितलं ना?”

त्यानं खिशातली पत्ती काढली आणि माळ बाजूला करायला हात पुढं केला. तिकडं गेटवर चेअरमनसाहेबांची गाडी आली. माझ्या तोंडातून जे निघालं ते आजही मला झोपू देत नाही. चार माणसांत मी मोठ्यानं म्हणालो, “भाऊ, घातलेली माळ काढता व्हय? दरवर्षी आमच्याच सणाला तुमचं काहीतरी आडवं!”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. बावीस वर्षांत त्याची जात-पात, देव-धर्म मी कधी काढला नव्हता. त्याच्या घरच्या करंज्या खाल्लेल्या तोंडानं त्या दिवशी काढला. त्याचा हात तसाच मागं गेला. पत्ती खिशात ठेवली, तपासणीच्या चिठ्ठीवर सही केली आणि लाईन सोडायला गेला.

पूजा झोकात झाली. नंतर लायटिंगची माळ उतरवायला गेलो तर पेटीतली वायर निघेना. झाकण उघडायचं तर पुन्हा लाईन बंद करा, म्हणजे सॅमसनभाऊला सांगा. कुठल्या तोंडानं सांगू? एकेक तार पक्कडीनं तोडली, टोकांना टेप लावली, उरलेला तुकडा झेंडूखाली सारला. म्हटलं, उद्या बघू.

तीन वाजता टँकर लागला. पंप चालू केला तेव्हा वाफ नव्हती, काही झालं नाही. मी टँकरजवळ, सॅमसनभाऊ दाराबाहेर दिव्याची तार बघत होता. माझी पोरगी राजनंदिनी लॅबमध्ये आहे, ती बाटली घेऊन नमुना घ्यायला पंपहाऊसमध्ये गेली. अन् एकदम पंपाचं सील गेलं. स्पिरिटची चिळकांडी उडाली, पोरीची बाही भिजली, गॅसचा भोंगा किंचाळायला लागला.

भोंगा झाला की पहिलं बंदचं बटण दाबायचं. सॅमसनकाकांनी शिकवलेलं तिला पाठ होतं. पळून न जाता ती पेटीकडं वळली. हात वर केला.

“नंदे, हात लावू नको!” मी असा ओरडलो की घसा फाटला. “पेटीला फट हाय! झाकणाखाली वायर हाय!”

तिचं बोट बटणापासून वीतभर लांब थांबलं. सॅमसनभाऊनं माझ्याकडं बघितलं, क्षणभरच. मग तो लाईन तोडायला पॅनल रूमकडं पळत सुटला. छप्पन्न वर्षांचा माणूस, डावा गुडघा कामातून गेलेला, दोनशे फूट. त्यात वाटेत मंडपाचे बांबू. तो एकदा अडखळला, सावरला, पुन्हा पळाला.

“अण्णा, काय करू?” पोरगी आतून विचारत होती. तिचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

“कशाला शिवू नको. बाटली खाली टाकू नको. हळू बाहेर ये, हळू.”

पंप चालूच होता. स्पिरिट फरशीवर पसरत होतं आणि ती त्यातून एकेक पाऊल टाकत येत होती. माझ्या हातानं जोडलेल्या त्या दोन तारा तिच्या पाठीमागं होत्या. देवाची शपथ, मी तेव्हा कुठल्या देवाला हाक मारली ते मला आठवत नाही. ती दारात पोचली, मी तिला ओढलं, आणि त्याच वेळी पंपाचा आवाज उतरत उतरत बंद झाला.

वाफ निवल्यावर सॅमसनभाऊनं पेटी उघडली. टेप लावलेला तुकडा त्याच्या तळहातावर होता, बोटाएवढा. मी पाय धरायला वाकलो. त्यानं मला दंडाला धरून उभं केलं. वाटलं, आता मुस्काटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

“चूक माझी हाय गोरक्ष,” तो म्हणाला. “पत्तीनं बघायचं ते मी तुझ्या शब्दावर सोडलं.”

मी सगळं लेखी दिलं, महिनाभर सस्पेंड होऊन घरी बसलो. पण चिठ्ठीवर सही त्याची होती. त्यानंही लिहून दिलं, ‘न तपासता सही केली.’ नोकरी संपायला दोन वर्षं उरलेली, तोवर एक डाग नव्हता, मेमो मिळाला. माझ्या त्या वाक्याबद्दल त्यानं कुणालाच सांगितलं नाही. साहेबांना ते मी सांगितलं.

नाताळात करंज्यांचा डबा आला, नेहमीसारखाच. त्यात काही कमी नाही. पण आता मी कामावर “भाऊ, पेटी घट्ट हाय” म्हटलं, की तो मान हलवतो, पाना काढतो आणि एकपासून मोजतो. मी शेजारी उभा राहून आठपर्यंत ऐकतो.

घरीही तेच. रात्री जेवणं झाली की मी सांगतो, “नंदे, गॅस बंद केलाय गं.” ती उठते, स्वयंपाकघरात जाते, आणि बटण स्वतः फिरवून बघते.