आईला कोंडलं ती बांधी

चामोर्शीच्या रस्त्याला भाताच्या पऱ्ह्यांचा ओला, कच्चा वास गाडीत शिरला, तशी मागे बसलेली मोठी काकी म्हणाली, "पह्यले सारं घर मिळून आबाजीच्या बांधीत रोवणी करत होतो. काय मज्जा ये!"

मज्जा!

मी तेव्हा लहान, बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलो होतो. काकी, आत्या, आई वाकून, मागे सरकत भाताची रोपं लावत होत्या. आई नागपूरची, चिखलात नवखी, तिचा हात हळू चाले. काकीनं आत्याला डोळ्यांनी खुणावलं आणि दोघींनी दोन्ही बाजूंनी भराभर रोवत, तिच्या मागची जागाही रोवून टाकत आईला मधोमध कोंडलं. चहूकडे हिरवे पऱ्हे, मध्ये गुडघाभर चिखलात एकटी आई.

"निंग आता भाईर, नागपूरवाली!" काकी ओरडली. सारं घर खिदळलं. आबाजी धुऱ्यावरून म्हणाले, "एकबी पऱ्हा मोडू नोको, सूनबाई."

आईनं लुगडं वर खोचलं. दोन रोपांमधली जागा पायानं चाचपत, एकेक पाऊल टाकत ती बाहेर आली. एकही पऱ्हा मोडला नाही. तेव्हा मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

गाडीत मागे काकी अजून हसून राह्यली आहे.

तुडवायला पाहिजे होतं, आई. सगळी बांधी तुडवायला पाहिजे होती.